पाण्यावरची यष्टी

अजिनाथ देवकते आणि मी, आम्ही सोलापूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये तेहेतीस वर्षं एकाच शेडखाली काढली. तो बॉडीचा माणूस, मी वायरिंगचा. अपघातात चेपलेली गाडी आली की अजिनाथ आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा. हातातल्या लहान हातोडीनं पत्र्यावर ठकठक करायचा आणि कान लावायचा. कुठला पत्रा वाचेल आणि कुठला कापून टाकावा लागेल, हे तो आवाजावरून सांगायचा. मोठे साहेबसुद्धा त्याचं होईपर्यंत गप्प उभे राहत. एरवी बोलायला कमी. डब्यात रोज बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर दोन शब्दांत.

आम्ही निवृत्त झालो ते कोरोनाचं दुसरं वर्ष. हार नाही, भाषण नाही. मास्क लावलेल्या एका क्लार्कनं दोघांच्या हातात एकेक नारळ दिला आणि आम्ही गेटच्या बाहेर आलो. मी सोलापुरातच राहिलो. अजिनाथ बायकोला, विजयमालाला घेऊन गावी गेला. त्याचं गाव निमतळी, माढा तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याच्या अगदी काठावर.

दीड वर्षानं एक दिवस त्याचा फोन आला.

"चन्नवीर, एक बॉडी मिळालीय. येतूस का?"

"कसली बॉडी?"

"चाकं न्हाईत तिला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी टेंभुर्णीपर्यंत एसटीनं गेलो. तिथून त्यानं मला मोटारसायकलवर घेतलं. त्याच्या घरामागं उसाचं रान संपतं, मग वेड्या बाभळींचं बन लागतं आणि त्याच्या पलीकडं पाणी. त्या बनात, बाभळीच्या फांद्यांखाली, ती पडली होती. दोन लांबलचक लोखंडी टाक्या, तीसेक फूट लांब, उंचीला माझ्या कमरेएवढ्या. दोन्ही शेजारी शेजारी आडव्या, वरून अँगलची चौकट टाकून जोडलेल्या. चौकटीवर कधीकाळी प्लायवूड असणार, त्याचा आता भुगा झाला होता. रेलिंगचे पाइप वाकलेले. छपराचा एकच खांब उभा होता आणि त्यावर होल्याचं घरटं.

"ही बोट आहे?" मी विचारलं.

"हाय की. होडीसारखी उलटत न्हाय ही. टाक्यांवर तरंगती. रोहित पक्षी दाखवायचा धंदा काढला हुता कुनीतरी शहरातल्या मानसानं. दोन हिवाळे चालवली, मंग इंजिन काढून नेलं आनि ही हितंच टाकली. नऊ वर्सं झाली. भंगारच्या भावात घेतली म्या."

"आणि करणार काय हिचं?"

त्यानं पाण्याकडं बोट केलं. समोर दोन-अडीच किलोमीटर नुसतं पाणी, आणि त्यापलीकडं पुसटशी हिरवी रेघ. "तितं खोरवडी हाय. आक्काचं गाव."

त्याची थोरली बहीण मायाक्का, हे मला ठाऊक होतं. अजिनाथपेक्षा ती दहा-अकरा वर्षांनी मोठी. लहानपणी त्याला कडेवर घेऊन मेंढरांमागं फिरलेली. धरण व्हायच्या आधी भीमा नदी म्हणजे उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, तेव्हा तिला नदीपलीकडं दिली. सकाळी भाकरी बांधून निघाली तर न्याहरीला माहेरी पोचायची. मग धरण झालं. देवकत्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, निमतळी नव्यानं वर वसली, आणि नदीचा समुद्र झाला. आता खोरवडीला जायचं तर टेंभुर्णीवरून पुलानं वळसा, तीन गाड्या बदलायच्या, अख्खा दिवस. कोळ्यांच्या होड्या ये-जा करतात, पण काठावरून होडीत उतरायचं म्हणजे वाकायचं, पाय उचलायचा, डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायचा. मायाक्काचे दोन्ही गुडघे गेलेले. ती बारा वर्षं माहेरी आली नव्हती. त्याआधीही आली ती फक्त लग्नाकार्यापुरती, आणि जेवण झालं की परत.

"होडीला पायरी आसती," अजिनाथ म्हणाला. "हिला म्या फळी लावनार. जमिनीवनं सरळ आत. शेरडं चढतील, आक्का बी चढंल."

त्या आठवड्यात मी परत गेलोच नाही. सोलापूरला फोन करून बायकोला सांगितलं, थोडं काम निघालंय. ते काम वर्षभर चाललं. म्हणजे मी महिन्यातले आठ-दहा दिवस जायचो, तो रोज होता.

पहिल्यांदा बाभळी तोडल्या. मग टाक्या जॅकवर उचलून खाली दगड लावले. आणि मग त्यानं हातोडी काढली. तो ठोकत पुढं सरकायचा, मी मागून खडूनं खुणा करायचो. चांगला पत्रा टणटण वाजायचा. गंजून पातळ झालेला पत्रा बद्द आवाज करायचा, आणि मी तिथं गोल काढायचो. उजव्या टाकीवर चार गोल निघाले. डाव्या टाकीवर एक्केचाळीस. तिच्या पोटाला ओल लागत राहिली असणार. शेवटचा गोल काढला तेव्हा ती टाकी देवी आलेल्या माणसासारखी दिसत होती.

"जाऊ दे रे," मी म्हणालो. "नवीन टाकी कर."

"नवीन कशाला? चार हात लांब तुकडा पोटाखालनं कापायचा आनि नवा घालायचा. गाडीची फरशी बदलत नव्हतो व्हय आपन?"

पण त्याला खरी काळजी वेगळीच होती. टाकी आतून सलग होती. कुठंही एक भोक पडलं की पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरणार आणि बोट एका अंगावर कलणार. त्याला आत पडदे घालायचे होते, गोल पत्र्याचे, म्हणजे एका टाकीचे चार कप्पे होतील. एक कप्पा फुटला तरी बाकीचे तीन तारून नेतील. त्यासाठी आत काय आहे ते बघायला हवं होतं.

मार्चमधली दुपार होती. ग्राइंडरनं त्यानं उजव्या टाकीच्या वरच्या बाजूला एक चौकोन कापला. कडा निवल्या तशी त्यानं टॉर्च घेतली आणि डोकं, खांदे आत घातले. पाय बाहेर, पालथा. मी वायर धरून उभा.

"काय दिसतंय?"

"कोरडं हाय," आतून आवाज आला. "गंज लई..."

पुढं काही नाही. मी पुन्हा हाक मारली. मग मला त्याचे पाय दिसले. चपला निसटल्या होत्या आणि पाय नुसते लोंबत होते.

माझ्या तोंडून मराठी निघालंच नाही. "लगू बर्री! लगू बर्री!" लवकर या, लवकर या, असं मी माझ्या घरच्या कन्नडमध्ये ओरडत सुटलो. विजयमाला वैनी पलीकडं गोवऱ्या थापत होत्या. त्यांना एक शब्द कळला नसेल, पण त्या शेणाच्या हातांनीच धावत आल्या. एक पाय मी धरला, एक त्यांनी. ओढून काढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. वैनींनी त्याच्या तोंडावर कळशी ओतली आणि एक मुस्काटात लावली. त्यानं कसा कोण जाणे, मोठा श्वास घेतला आणि खोकायला लागला.

टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाले, "बंद टाकीत लोखंड गंजतं तेव्हा आतला प्राणवायू तेच खातं. आत हवा होती, पण जगायची हवा नव्हती. अजून दोन मिनिटं असता तर माझ्याकडं आणायची गरज नव्हती."

घरी आल्यावर वैनींनी हातोडी, टॉर्च, ग्राइंडर, सगळं उचलून धान्याच्या खोलीत कोंडलं आणि कुलूप घातलं. "त्या बोटीचं नाव काडायचं न्हाय," त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला निघून आलो. संपलं, असंच मला वाटलं.

बारा दिवसांनी फोन आला. तो त्याचा नव्हता, वैनींचा होता.

"भावजी, कवा येताय?"

"कशाला वैनी?"

"तुमचं दोस्त खाटंवर बसून भिंतीकडं बगत्यात. जेवत्यात, झोपत्यात, पर मानूस जाग्यावर न्हाय. या तुमी. पर माझी एक अट हाय."

अट अशी होती. घरात ज्वारी उफणायचा मोठा पंखा होता, खळ्यावर वारं नसलं की लावतात तो. त्यांनी तो बोटीपाशी आणवला. टाकीला कापलेल्या तोंडापाशी तो अर्धा तास चालणार, मगच कुणी आत डोकं घालणार, आणि डोकं घालणाऱ्याच्या कमरेला दोर असणार. दोराचं दुसरं टोक विजयमालाच्या हातात. त्यानंतर त्या बोटीवर एक दिवस असा गेला नाही की त्या तिथं नव्हत्या. सुरुवातीला नुसत्या बसायच्या. मग तारेच्या ब्रशनं गंज घासायला लागल्या. मे महिन्यात मी गेलो तेव्हा कपाळाला पदर गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून त्या ग्राइंडर चालवत होत्या आणि अजिनाथला म्हणत होत्या, "बाजूला व्हा, ठिनग्या उडत्यात."

पडदे बसले. पोटाचा तुकडा बदलला. मग आमची वर्कशॉपची रीत: प्रत्येक कप्प्यात कॉम्प्रेसरनं हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथं फुगा येईल तिथं पुन्हा वेल्डिंग. तीन दिवस आम्ही तिघं लहान पोरांसारखं फुगे शोधत टाक्यांभोवती रांगत होतो. शेवटचा फुगा वैनींनीच पकडला. मग तांबडा प्रायमर दोन हात, आणि त्यावर लाल रंग. त्यानं रंगाचा डबा उघडला तेव्हा मी हसलो. दुसरा कुठला रंग त्याच्या हातून लागलाच नसता. गावातल्या लोकांनी तेव्हापासून तिला यष्टी म्हणायला सुरुवात केली.

वर चेकर प्लेटची फरशी, दोन्ही बाजूंनी बाकडी, पत्र्याचं छप्पर. इंजिन मच्छीमारांकडून मिळालेलं, मागं लावायचं. दिवे, बॅटरी आणि हॉर्न माझ्याकडं. पुढच्या तोंडाला अजिनाथनं ती फळी केली, चार फूट रुंद, बिजागरीवर उघडणारी, घसरू नये म्हणून वर आडव्या पट्ट्या. तिच्या दोन्ही बाजूंना कठडा. कठड्याची उंची ठरवायला त्यानं आक्काचा मुलगा भारत याला फोन लावला आणि विचारलं, "आक्काच्या काठीची मूठ जमिनीपासनं किती वर येती रं?"

जूनअखेर बोट तयार झाली आणि पाणी अर्ध्या कोसावर. उन्हाळ्यात धरण असंच मागं सरकतं. ट्रॅक्टर लावून ओढायचं मी सुचवलं, पण तो म्हणाला, "कशाला? पानी ईल की." आमच्याकडं आभाळ कोरडं असतं. पाऊस पडतो पुण्याकडच्या डोंगरात आणि पाणी आमच्याकडं येतं. त्यानं उतारावर बाभळीच्या काठ्या रोवल्या आणि रोज सकाळी किती काठ्या बुडाल्या ते मला फोनवर सांगायचा. "सहा ऱ्हायल्या. चार ऱ्हायल्या." ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "ये."

पाणी दगडांभोवती आलं होतं. आम्ही काठावर चटई टाकून बसलो. वैनींनी चहा आणला. साडेनऊच्या सुमारास बोटीचा मागचा भाग थरथरला, जनावर झोपेत कातडं हलवतं तसा. मग पुढचा. आणि दगड खालच्या खाली सुटले. कुणी ओरडलं नाही, नारळ फोडायचं राहूनच गेलं. ती थोडी डावीकडं झुकलेली होती, चार बोटं. सगळी ठिगळं त्याच बाजूला, त्यांचं वजन. मी बॅटरीची पेटी उजवीकडं हलवली, तशी ती सरळ झाली.

चौथ्या दिवशी आम्ही खोरवडीला निघालो. अजिनाथ इंजिनाशी, मी पुढं. वैनी घरी थांबल्या, त्यांनी पुरणाचं घातलं होतं. "वन्संस्नी घिऊनच या," म्हणाल्या. पलीकडं जायला पंचवीस मिनिटं लागली. काठावर भारत उभा होता आणि जरा वर, लिंबाच्या झाडाखाली, मायाक्का. उंच, वाळलेली, हातात काठी. डोईवरचा पदर वाऱ्यानं हलत होता.

अजिनाथनं बोट अलगद टेकवली आणि फळी खाली सोडली. मग तो खाली उतरला, फळीवरून चालत वर गेला, पुन्हा खाली आला. "पायरी न्हाय आक्का. एक बी पायरी न्हाय. बग तर."

ती पुढं आली. काठीनं फळी ठोकून बघितली. कठड्यावर हात ठेवला. उंची बरोबर तिच्या हाताची. "बेस केलंय," ती म्हणाली. "तुजं हात चांगलं हायीत, पयल्यापासनं."

आणि ती मागं फिरून घराकडं चालू लागली.

"आक्का? आगं, चल की. इजयमालानं पुरनाचं घातलंय."

"मी न्हाय येनार."

"का? भ्या वाटतंय व्हय? उलटत न्हाय ही."

ती थांबली. आमच्याकडं पाठ करूनच बोलली. "आई गेली त्या दिवशी मी हितंच हुते. ह्या जाग्यावर."

मला अर्धीच गोष्ट माहीत होती. अठ्ठ्याण्णव साली त्यांची आई निमतळीत गेली. मायाक्का दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, सगळं उरकल्यावर. निरोप उशिरा मिळाला असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं.

"निरोप सकाळीच आला हुता," ती म्हणाली. "मासं धरनाऱ्या मानसानं आनला. मी तशीच निगाले. पर वारं सुटलं. होडीवालं म्हनले, आज न्हाय जमायचं. एकेकाच्या पाया पडले मी. वारं पडंल म्हनून हितं बसून ऱ्हायले. चार वाजाय आले आनि तिकडं धूर दिसला."

पाणी बोटीच्या पोटावर हळूहळू आपटत होतं.

"आमाला वाटलं निरोप पोचला न्हाय," अजिनाथ म्हणाला.

"इचारलं का कुनी? सव्वीस वर्सांत एकदा तरी इचारलंस?" मग तिचा आवाज खाली आला. "च्या घिऊन जा. च्या घेतल्याबिगर जाऊ नगंस."

चहा घेतला आणि परत निघालो. मधल्या पाण्यात आल्यावर तो इंजिनाकडं बघत बोलला. "मोटी मानसं म्हनली, ऊन कलतंय, उरका. म्या व्हय म्हनलो. दुसऱ्या दिवशी माजी ड्युटी हुती. थांब म्हनलो आसतो तर थांबले आसते सगळे."

मी जवळ जाऊन बसलो.

बोट तो आता विकून टाकेल, असं मला वाटलं होतं. त्यानं तसं केलं नाही. नोंदणीचे कागद केले, साहेब येऊन बघून गेले, एका वेळी किती माणसं न्यायची ते ठरवून दिलं, जॅकेटं घ्यायला लावली. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला फायलीचं काही वाटत नाही. मग सकाळी एक आणि दुपारी एक अशी फेरी सुरू झाली. खोरवडीच्या कॉलेजच्या पोरी, बाजाराला निघालेल्या बायका, दुधाच्या किटल्या, शेरडं, एकदा तर शिलाई मशीन. आणि प्रत्येक फेरीला अजिनाथ लिंबाच्या झाडापर्यंत जायचा. आक्का चहा द्यायची. दोघं पावसापाण्याचं, शेरडांचं बोलायची. बोटीचं नाव तो काढायचा नाही, तीही नाही.

ऑक्टोबर सरताना समुद्रात कुठंतरी वादळ झालं आणि आमच्याकडं दोन दिवस वारं सुटलं. पुढचं मला अजिनाथनं सांगितलं. त्या दिवशी सकाळी तो माणसं घेऊन पलीकडं गेला आणि दुपारी निघायच्या वेळी पाण्यावर पांढरे फेस उठले. आठ-दहा माणसं बोटीत बसायला आली होती. कुणाला दवाखाना होता, कुणाचं घरी लेकरू. सगळी म्हणायला लागली, ही तर उलटत नाही ना, मग सोड की. अजिनाथनं फळी वर घेतली आणि सांगितलं, "आज न्हाय. मानसं हायीत माज्या बोटीत." त्यांनी शिव्या घातल्या, वळशाच्या रस्त्यानं जीप करून निघून गेली.

तो एकटाच काठावर उभा राहिला. समोर निमतळी दिसत होती, आणि जाता येत नव्हतं. फोनवर विजयमाला सांगत होती की गाभण गाय नीट व्याली, आडली नाही, सगळं ठीक आहे, येऊ नका. तरी तो तिथंच उभा. तेव्हा मागून काठीचा आवाज आला.

मायाक्का त्याच्या शेजारी येऊन दगडावर बसली.

"त्या होडीवाल्यांस्नी मी लई शाप दिलं हुतं," ती म्हणाली. "आज तू बी न्हायच म्हनलास."

"बुडाली आसती आक्का."

"व्हय. कळतंय की आता." मग तिनं विचारलं, "आई शेवटी काय बोलली रं?"

सव्वीस वर्षांत तिनंही हे विचारलं नव्हतं. अजिनाथ तिच्या पायाशी मातीत बसला आणि त्यानं सांगितलं. शेवटचे दोन दिवस आईला माणसं ओळखू येत नव्हती. विजयमाला पाणी पाजायला जवळ गेली की ती तिला मायाक्का समजून मायी म्हणायची. मायी, कोकरं बांधलीस का गं? डालग्याखाली घातलीस का? ढाण्या लांडगा येतोय. आणि विजयमाला म्हणायची, व्हय आई, बांधली. तरी ती रागवायची, लांडग्याच्या तोंडी द्यायचीस तू माझी कोकरं, घोडी झालीस तरी अक्कल नाही.

"शिव्या घातल्या मला?" मायाक्कानं विचारलं.

"लई. घानघान."

ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात धरला आणि मग तिला रडू आवरेना. अजिनाथनं मला सांगितलं की त्यानं आक्काला रडताना त्याआधी पाहिलंच नव्हतं, अगदी नवरा गेला तेव्हासुद्धा. तिला धरावं की नाही, तेही त्याला कळेना. त्यानं तिची काठी हातात घेतली आणि ती धरून बसला.

त्या रात्री तो तिच्याकडंच जेवला, झोपला. सकाळी वारं पडलं होतं. तो बोटीतला पालापाचोळा आणि पाणी काढत होता, तेव्हा भारतच्या हातात गाठोडं देऊन मायाक्का खाली आली. गाठोड्यात दोन लुगडी, घोंगडं आणि गुडघ्याला लावायचं तेल.

"चल," ती म्हणाली. "सावकाश चालव पर."

फळीवरून ती एकटी चढली, कुणाचा हात न धरता; मागून गाठोडं घेऊन भारत. पाण्याच्या मध्यावर आल्यावर तिनं इंजिन बंद करायला लावलं. खाली कुठंतरी त्यांचं जुनं गाव होतं. ती म्हणाली, आपलं घर इथं, या बोटीच्या बरोब्बर खाली. अजिनाथ म्हणाला, छे, ते त्या टेकडीच्या सरळ रेषेत, अजून बरंच पुढं. ती म्हणाली, तुला काय कळतंय, तू शेंबडा होतास. तो म्हणाला, मी सतरा वर्षांचा होतो आक्का, गाव उठलं तेव्हा दाराची चौकट मी उपसलीय. दोघांचं इतकं जुंपलं की भारतला शेवटी स्वतःच इंजिन चालू करावं लागलं.

निमतळीच्या काठावर विजयमाला वैनी उभ्या होत्या. मायाक्का उतरली, त्यांच्यापुढं गेली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "माज्या वाटनीच्या शिव्या तू खाल्ल्यास व्हय गं?" वैनींना आधी कळेना. मग कळलं, आणि मग त्या दोघी तिथंच, काठावरच्या चिखलात, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

मायाक्का अकरा दिवस राहिली. आईला जिथं अग्नी दिला त्या जागी अजिनाथ तिला घेऊन गेला. तिथं आता उसाचा फड आहे. ती बांधावर बसून राहिली, अजिनाथ लांब उभा राहिला. त्यांचं काय बोलणं झालं, ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या जानेवारीत मी गेलो होतो. दुपारच्या फेरीला मायाक्का बोटीत होती. आता ती दर आठ-पंधरा दिवसांनी येते-जाते, आणि पुढच्या बाकड्यावरची कोपऱ्यातली जागा तिची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाईनं शेळीचं दावं लांब सोडलं होतं, तर मायाक्का तिला म्हणत होती, "आखूड धर गं. बोट हाय ही, रान न्हाय." पाण्यावर रोहित पक्षी उतरले होते, लांबवर, गुलाबी रेघेसारखे. अजिनाथनं ते मला दाखवले नाहीत. त्याचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडं होतं. मेमध्ये पाणी मागं गेलं की बोट वर घ्यायची, पोट घासायचं, डाव्या टाकीचा दुसरा कप्पा पुन्हा तपासायचा, असं तो मला सांगत होता. मी म्हणालो, येतो. वैनींनी पंखा आधीच दुरुस्त करून ठेवलाय म्हणे.